पहिला सिगार, विडीच्या घरात

नमस्कार काका,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय 36. टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघतो. गेल्या महिन्यात परदेशातला एक बायर येऊन गेला. जाताना त्याने मला दोन सिगार दिले. पट्टीवर 'डोमिनिकन रिपब्लिक' आणि 'रोबस्टो' असं लिहिलंय, रंग फिकट तपकिरी. मी आजवर सिगरेटसुद्धा ओढलेली नाही, पण हा एकदा ओढून बघावा असं मनात आहे. बायर जूनमध्ये परत येईल आणि कसा वाटला ते विचारेल, तेव्हा बावळट दिसायचं नाही. खरी अडचण घरात आहे. माझ्या अम्माने 28 वर्षं विड्या वळल्या, माझं शिक्षण त्यावरच झालं. बायको म्हणते, "त्यांचा जन्म तंबाखूत गेला आणि तुम्ही आता श्रीमंतांची विडी ओढणार?" अम्माला अजून काही सांगितलेलं नाही. सिगार कपाटात शर्टांखाली लपवलेत. मित्र म्हणतो, सिगारचा धूर आत घ्यायचा नसतो, त्यामुळे त्याने काही होत नाही. खरं आहे का? ओढायचा तर कसा? आणि क्युबाचा नाही म्हणजे हलका माल आहे का?

– एक टॉवेलवाला, सोलापूर

काका म्हणालास, तेव्हा अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

आधी ते सिगार शर्टांखालून बाहेर काढ. बाकीचं नंतर. कपाटात डांबरगोळ्या असतील तर फारच घाईने काढ, कारण तंबाखू शेजारचा वास पिऊन घेते. महिनाभराने तू सिगार नाही, डांबरगोळी ओढशील. आणि मार्च लागलाय. आपल्याकडची या दिवसांतली हवा पापड-कुरडया वाळवायच्या कामाची, सिगार ठेवायच्या नाही. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. त्यावरचा पारदर्शक कागद थोडे दिवस निभावून नेतो, पण सोलापूरच्या उन्हाळ्यापुढे त्याचं काही चालत नाही. सिगार कानाजवळ धरून दोन बोटांत अलगद दाबून बघ. वाळक्या पानासारखा चुरचुर आवाज आला तर तो कोरडा पडला. कोरडा सिगार भराभर जळतो, तिखट लागतो आणि वरचं पान तडकतं.

ही परीक्षा माझ्यापेक्षा तुझी अम्मा बरी करेल. तिच्याकडे येतोच.

मित्राच्या बोलण्याचा निकाल आधी लावू. तो अर्धं खरं बोलला. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, हे बरोबर. म्हणून काही होत नाही, हे साफ खोटं. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं. फुप्फुसापर्यंत जायची त्याला गरजच पडत नाही. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारने होतो, यात डॉक्टरांच्यात दुमत नाही. एका विडीत पाव ग्रॅमच्या आसपास तंबाखू असते. मोठ्या सिगारात सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी असू शकते. मावा खाऊन तोंड उघडेनासं झालेली माणसं तू सोलापुरात पाहिली असशील. तंबाखू महाग झाली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. तेव्हा तू ओढच, असं मी सांगणार नाही. ओढला नाहीस तर तुझं काही अडणार नाही आणि बायरचा अपमानही होणार नाही. "ठेवून दिलाय, जपून" एवढं म्हटलं तरी देणाऱ्याला बरं वाटतं. पण तू 36 वर्षांचा आहेस, एकदाच बघायचंय म्हणतोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही बघितला असता, हे लपवत नाही. बीपी, हृदयाचं काही दुखणं असेल, तोंडात फोड किंवा पांढरा चट्टा असेल, तर मात्र विषय इथेच संपव.

माझा पहिला सिगार सांगतो, म्हणजे काय करायचं नाही ते कळेल. तिशीत होतो, मित्राच्या लग्नात कुणीतरी हातात दिला. सिनेमात पाहिलं होतं तसं टोक दातांनी तोडलं. अर्धा इंच पान तोंडात आलं आणि उरलेलं उलगडायला लागलं. पेट्रोलच्या लायटरने पेटवला, त्यामुळे पहिले चार झुरके रॉकेलच्या स्टोव्हचे. जेवणं उशिरा होती, पोटात सकाळचे पोहे. आणि लोक बघतायत म्हणून सिगरेटसारखे खोल झुरके घेतले, एकामागून एक. दहाव्या मिनिटाला कपाळावर गार घाम, कानात शिट्टी, आणि मांडवाच्या मागे, जिथे आचाऱ्यांची भांडी घासत होते, तिथे मी उभ्याने रिकामा झालो. एका आचाऱ्याने न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि वर गुळाचा खडा. त्या खड्याने मी उभा राहिलो. सगळ्या चुका एका संध्याकाळी उरकल्या म्हणायच्या.

आता अम्मा.

तुझ्या बायकोचं बोलणं टोचणारं आहे, पण ते पैशाबद्दल किंवा धुराबद्दल आहे असं मला वाटत नाही. तू लपवलंस, यावरून ते आलं. पूर्व भागातल्या घरात 28 वर्षं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईपासून तू तंबाखूचा वास लपवणार? तिला तो पहिल्याच दिवशी आला असेल. ती बोलली नाही, एवढंच.

माझं ऐक. एक सिगार तिच्या हातात दे. ओढायची परवानगी मागू नकोस, मोठा माणूस आहेस. नुसतं विचार, "अम्मा, हे कसं वळलंय बघ." काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण काय दिसेल ते सांगतो. सिगार म्हणजे पानात वळलेली पानं. आत लांब, अखंड पानं, चुरा नाही. त्यावर त्यांना धरून ठेवणारं एक बळकट पान. सगळ्यात वर देखणं, पातळ पान, मधली शीर काढून, अर्धं करून, तिरकं गुंडाळत नेलेलं. शेवटी डोक्यावर त्याच पानाची छोटी टोपी, डिंकाने चिकटवलेली. विडीला वर दोरा, इथे तोही नाही. तेंदूचं पान रात्री भिजवायचं, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं, मऊ झालं की पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायचं, हे जिने हजारांच्या हिशेबाने केलंय, तिला डोमिनिकन कारागिराने वरचं पान ओलसर ठेवून का ताणलं असेल ते शिकवावं लागत नाही. ती बोटं फिरवून सांगेल, कुठे घट्ट भरलाय, कुठे पोकळ राहिलाय. घट्ट गाठ असेल तर तिथे धूर अडतो, पोकळ असेल तर तिथे सिगार तापतो. 

तुमच्या घरात तेलुगू बोलत असाल तर ती त्याला बहुतेक 'चुट्टा' म्हणेल आणि हसेल. बरोबरच आहे. इंग्रजांनी तमिळमधून उचललेला 'चिरूट' तिकडचाच. त्रिची, दिंडीगल आणि गोदावरीकाठची तंबाखू एकेकाळी साहेबांच्या तोंडी होती. तेव्हा श्रीमंतांची विडी हे तुझ्या बायकोचं वाक्य आजच्या किमतीपुरतं खरं आहे. वस्तू म्हणून सिगार तुमच्या घराला परका नाही.

आणखी एक गोष्ट तिला जरूर सांग, मला ती फार आवडते. हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वाचून दाखवणारा माणूस असे. उंच आसनावर बसून सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. त्याचा पगार मालक नाही, वळणारे कामगार आपापसांत वर्गणी काढून देत. हात कामात, कान मोकळे. आपल्याजवळच्या कुंभारीत विडी कामगारांसाठी बांधलेल्या घरकुलात दहा हजार घरं आहेत. तिथे दुपारी टीव्हीवर मालिका लावून विड्या वळणाऱ्या बायका बघितल्या की मला ते आसन आठवतं. अम्मांच्या वेळी रेडिओ असेल.

तिने नाक मुरडलं, "मी आयुष्यभर ही धूळ खाल्ली, तू कशाला पेटवतोस" म्हणाली, तर वाद घालू नकोस. तंबाखूच्या धुळीने खोकला होतो हे तिने पुस्तकात वाचलेलं नाही. तेव्हा एखादे दिवशी शांतपणे स्वतः ठरव, ओढायचा की नाही. दोन्ही उत्तरं चालतील. लपवाछपवी तेवढी नको.

समजा ओढायचं ठरलं. आधी तो सुधारून घ्यावा लागेल. हवाबंद झाकणाचा डबा घे, रबरी रिंग असलेला. आर्द्रता राखणारी छोटी पाकिटं ऑनलाइन मिळतात, 65 किंवा 69 आकडा छापलेला असतो. एक पाकीट टाकलं की काम झालं. ते नको असेल तर स्वच्छ स्पंजचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, पिळून, बाटलीच्या झाकणात ठेव. सिगारला स्पंज टेकता कामा नये, टेकला की बुरशी. नळाचं पाणी नको. दोन-तीन आठवडे तरी जाऊ देत. घाईने ओल दिली तर आतली पानं आधी फुगतात आणि वरचं पान फाटतं. फ्रीजमध्ये तर मुळीच नको, तिथे वाळतो आणि कालच्या कालवणाचा वास घेतो. डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, उन्हापासून लांब. तंबाखूचा किडा उष्णतेत बाहेर येतो. सिगारवर पिनेच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर तो आत आहे. हाच किडा हळदीत आणि मसाल्यातही होतो, म्हणून डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नकोस.

क्युबाचं काय? तुझा माल हलका नाही. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबातले सिगार कारखाने सरकारने ताब्यात घेतले. कित्येक जुनी घराणी बाहेर पडली आणि तिथलं कसब डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात रुजलं. क्युबाच्या नावाने नकली माल एवढा फिरतो की तुला क्युबन मिळाला असता तर मला उलट शंका आली असती. फिकट तपकिरी म्हणतोस, म्हणजे वरचं पान बहुधा कापडी मांडवाखाली किंवा ढगाळ हवेत, सावलीत वाढवलेलं असावं. असे सिगार साधारणपणे सौम्य असतात. बायरने नवख्याचा विचार करून निवडलाय, माणूस बरा दिसतो. रोबस्टो म्हणजे साधारण पाच इंच लांब. जाडी बहुतेक 50 असते, आणि हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. अंगठ्याएवढा म्हण. तो पाऊण ते एक तास चालतो. एवढा वेळ नसेल तर पेटवूच नकोस.

जागा घराबाहेरची. धूर दुसऱ्या दिवशीपर्यंत पडद्यांत राहतो आणि पोरांच्या नाकात जातो. सार्वजनिक जागी ओढायला 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदी आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हा हिपरग्याच्या तलावावर बसून फोटो काढायचा विचार असेल तर सोडून दे. आपली गच्ची, किंवा कुणाचं शेत. सूर्य कलल्यावर, वारा जरा सुटला की. पोटभर जेवून. कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली असेल तर उत्तम, तेल पोटात असलं की तंबाखू कमी लागते असा माझा समज आहे, शास्त्र विचारू नकोस. जवळ पाणी आणि एक शेंगापोळी. ती चैन नव्हे, औषध आहे. डोकं गरगरलं, गार घाम आला, मळमळलं की सिगार खाली ठेवायचा, बसून राहायचं, शेंगापोळीचा तुकडा तोंडात टाकायचा. गूळ पोटात गेला की बरं वाटतं. उलट्या थांबल्या नाहीत, छाती धडधडायला लागली, तर मात्र शेंगापोळीवर न थांबता दवाखाना.

कापायचं टोक टोपीचं. सिगारचं डोकं जिथे गोल वळतं, त्याच्या वर, जेमतेम दोन मिलिमीटर. टोपी पूर्ण उडाली तर पान सुटतं, माझं सुटलं तसं. साधा कटर दोन-तीनशेला मिळतो. नाहीतर नवी ब्लेड आणि न थरथरणारा हात.

पेटवायला गॅसचा लायटर किंवा काडी. काडीचं डोकं जळून गंधकाचा वास गेला की मगच जवळ ने. स्वयंपाकघरातला टकटक लायटर नुसती ठिणगी पाडतो, तो उपयोगाचा नाही. ज्वाळा टेकवायची नाही. हुरड्याचं कणीस आरावर कसं धरतो, जरा वर, सारखं फिरवत? तसं. कड सगळीकडून काळी, मग लाल झाली की तोंडात धरून हलका झुरका, फिरवत फिरवत. टोकाकडे फुंकर मारून बघ. सगळं वर्तुळ सारखं लाल दिसलं पाहिजे. एका बाजूने भराभर जळत गेला तर मागे राहिलेली बाजू खाली धर.

धूर तोंडात घे, गरम चहाचा घोट जिभेवर ठेवतो तसा क्षणभर ठेव आणि सोड. गिळायचा नाही, छातीत ओढायचा नाही. मिनिटाला एक, त्याहून घाई नाही. तुला सिगरेटची सवय नाही हे नशीबच, कारण सिगरेटवाल्याचा धूर आपोआप आत जातो. राख झटकू नकोस. इंचभर होऊ दे, मग राखदाणीच्या कडेला टेकवली की आपसूक पडते. पट्टी कधी काढायची यावर लोक उगाच भांडतात. ऊब लागून डिंक सुटला की काढ, आधीच खेचलीस तर पान फाटेल. विझला तर राख झाडून परत पेटव, त्यात कमीपणा नाही. शेवटचा तिसरा भाग कडक होत जातो. बोटांना चटका लागेपर्यंत ओढण्यात काही मर्दुमकी नाही. नको वाटलं की ठेवून दे, अर्ध्यातही. सिगरेटसारखा चिरडू नकोस, फार घाण वास सुटतो. आपला आपण विझतो.

चवीचं म्हणशील तर डब्यांवर चॉकलेट, चामडं, कॉफी असलं काय काय लिहिलेलं असतं. ते शोधत बसू नकोस. तुला ओळखीचं वाटेल ते तू लहानपणी घरात घेतलेल्या वासाशी जोडून बघ. विडीत भरतात ती निपाणीची जर्दा उन्हात वाळलेली असते. सिगारची पानं सावलीत, हवेवर वाळवून नंतर ढीग रचून महिनोन्‌महिने आंबवतात. ढीग आतून आपसूक तापतो, अमोनिया निघून जातो आणि तंबाखूचा उग्रपणा मवाळ होतो. हा फरक तुझ्या नाकाला कळेल, कारण विडीच्या घरात वाढलेलं नाक आहे. बायरला सांगायचं तर हेच सांग. दहा सिगार ओढलेल्या माणसालाही ते सांगता येणार नाही. आणि नाही आवडला तर नाही आवडला म्हण. खोटं कौतुक केलंस की पुढच्या खेपेला तो अख्खी पेटी आणेल.

दुसऱ्या सिगारचं काय करायचं हे आजच ठरवू नकोस. डबा नीट ठेवलास तर तो वर्षभरही टिकेल.

जूनमध्ये तो आला की मीटिंग उरकल्यावर घरी चहाला बोलाव. अम्माच्या मनात असेल तरच तिला सांग, एक विडी वळून दाखव म्हणून. सूप आणि कात्री माळ्यावर असेलच, तेंदूची चार पानं शेजारी कुणाकडेही मिळतील, आदल्या रात्री भिजवायला मात्र विसरू नका. साहेब फोटो काढेल, ती मान वर करणार नाही. आणि त्याने ती विडी पेटवून मागितली, तर त्याला तेवढं समजावून सांग की तेंदूचं पान नीट जळत नाही. सिगारसारखा मिनिटाला एक झुरका घेत बसलं तर विडी विझते.